गंधकाचा एक अणू आणि इन्सुलिन

मधुमेहाच्या काही रुग्णांना डॉक्टर साखरेबरोबर ‘सी-पेप्टाइड’ही तपासायला सांगतात. हा तुकडा इन्सुलिनचा जुळा भाऊच म्हणा. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन नावाची ८६ अमिनो आम्लांची साखळी बनवतात. ती दोन ठिकाणी कापली की मधला सी-पेप्टाइड सुटा होतो आणि ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन उरतं. कापायची जागा ओळखू यावी म्हणून तिथे ठरावीक अमिनो आम्लं लागतात. एका जागी त्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. माणसाच्या अख्ख्या प्रोइन्सुलिनमध्ये लायसिन येतं दोनदाच, त्यातलं एक नेमकं इथे.

लायसिन आणून देतो टीआरएनए नावाचा छोटा रेणू. एमआरएनएवरची, म्हणजे जनुकाच्या नकलेवरची, तीन-तीन अक्षरं वाचायची आणि योग्य अमिनो आम्ल पुढे करायचं, हे त्याचं काम. पण पेशी त्याला कोरा ठेवत नाही, त्याच्या अक्षरांवर बारीक रासायनिक खुणा करते. लायसिनच्या एका टीआरएनएत, वाचणाऱ्या अक्षरांना खेटून असलेल्या ३७व्या अक्षरावर गंधकाचा एक अणू आणि मिथाइल गट चढतो. तेवढ्याने वाचन पक्कं होतं.

ही खूण करणाऱ्या एन्झाइमचं जनुक म्हणजे सीडीकेएएल-१. टाइप-२ मधुमेहाशी त्याचं नातं २००७ मध्येच दिसलं होतं. ते करतं काय, हे मात्र नंतर उलगडलं. २०११ मध्ये जपानच्या कुमामोतो विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त बीटा पेशींतून ते काढून टाकलं. टीआरएनए लायसिनचा संकेत चुकीचा वाचू लागला, प्रोइन्सुलिन नीट कापलं जाईना, इन्सुलिन कमी पडलं, साखर आवरेना.

मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीत नाहीत, सगळी भिस्त वाचणाऱ्यावर. इथेही तसंच: मजकुरात चूक नाही, वाचणारा अडखळतोय. मला ही गोष्ट म्हणूनच आवडते. अर्थात, लगेच जनुक तपासायला धावायचं कारण नाही. या जनुकाचा धोक्याचा प्रकार जोखीम थोडीच वाढवतो.

खूण चुकण्याचं याहून ठळक उदाहरण मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, सापडतं. तिथल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या टीआरएनएत एक अक्षर बदललं, की त्या टीआरएनएवर टॉरिन नावाच्या रेणूची खूण नीट उमटत नाही. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात. त्यामुळे अशा काही घरांत मधुमेह आणि बहिरेपण दोन्ही आईच्या बाजूने उतरतात. अंगकाठीने बारीक असलेल्या मधुमेहाच्या रुग्णाला डॉक्टरांनी ‘आईला नीट ऐकू येतं का?’ असं विचारलं, तर प्रश्न भलताच वाटायला नको.