हासेगावा तोहाकू

हासेगावा तोहाकू : (१५३९–१६१०). जपानच्या मोमोयामा काळातील (सोळाव्या शतकाची अखेर) थोर चित्रकार. नुसत्या शाईने झाडे आणि धुके उभे करण्यात त्याची बरोबरी करणारे फार थोडे झाले.

जन्म नोतो प्रांतातील नानाओ या समुद्रकाठच्या गावी, सामुराई घराण्यात. पुढे कापड रंगवणाऱ्या हासेगावा कुटुंबात तो दत्तक गेला. तरुणपणी नोबुहारू या नावाने तो बौद्ध धार्मिक चित्रे काढी. १५७१ च्या सुमारास तो क्योतोला आला. तिथे किल्ले-राजवाडे सजवण्याची बडी कामे कानो या चित्रकार घराण्याच्या हाती होती. १५९० मध्ये राजवाड्यातले एक काम तोहाकूच्या हाती येत होते. त्या घराण्याचा प्रमुख कानो एइतोकू याने खटपट करून ते रोखले.

तरी संधी आलीच. सत्ताधीश हिदेयोशी याने आपल्या मृत बालकाच्या स्मरणार्थ मंदिर बांधले, त्यातली चित्रे तोहाकू आणि त्याचा मुलगा क्यूझो यांनी केली. सोन्याच्या वर्खावर मुलाने फुललेली चेरी रंगवली, बापाने मेपल. ही चित्रे आज क्योतोच्या चिशाकुइन मंदिरात आहेत. १५९३ मध्ये क्यूझो ऐन विशीत वारला.

‘पाइन वृक्ष’ ही तोहाकूची सर्वश्रेष्ठ कृती त्यानंतरची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्येकी सहा फळ्यांचे दोन घडीचे पडदे, प्रत्येकाची रुंदी सुमारे साडेतीन मीटर. सोने नाही, रंग नाही. जवळ गेले तर दिसतात केवळ रखरखीत, घाईने ओढल्यासारखे शाईचे फटकारे. चार पावले मागे सरले की त्यांचीच झाडे होतात, काही ठसठशीत, काही विरत चाललेली. धुके मात्र कुठेच रंगवलेले नाही. तो कोरा कागद आहे, आणि चित्राचा बहुतेक भाग त्यानेच व्यापला आहे. शाईच्या गडद-फिक्या छटांनी अंतर दाखवण्याची ही रीत तोहाकूने मूची या चिनी भिक्षू-चित्रकाराकडून आत्मसात केली. पण मूचीच्या चित्रातली शांतता एवढ्या रुंद पडद्यांवर पेलणे ही कमाई त्याची स्वतःची. वाऱ्याने वाकलेली ही झाडे नोतोच्या किनाऱ्यावरची असावीत, असे म्हणतात. पाहताना ते पटते.

कागदाचे सांधे नीट जुळत नसल्याने हा मूळचा कच्चा आराखडा असावा, असाही तर्क आहे. हे पडदे तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात असून जपानची ‘राष्ट्रीय संपदा’ म्हणून घोषित आहेत.

हिदेयोशीनंतरचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्या बोलावण्यावरून एदोला (आजचे तोक्यो) गेलेला तोहाकू तिथे पोहोचताच १६१० मध्ये मरण पावला.