डिकॉक्शन, टरफले आणि बोअरचे पाणी

बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, गरम पाण्यात भिजवून त्यातील स्टार्चची साखर करणे, हा बिअर तयार करण्यातला पहिला महत्त्वाचा टप्पा होय. या मिश्रणाला मॅश म्हणतात. थर्मामीटर हाताशी नव्हते त्या काळी बव्हेरिया आणि बोहेमियातील कारागीर मॅशचा सुमारे एक तृतीयांश भाग काढून उकळत आणि परत मुख्य भांड्यात ओतत. ५० अंश सेल्सिअसच्या मॅशमध्ये असा उकळता भाग मिसळला, की सगळे मिश्रण ६५ अंशांच्या आसपास येते. हीच डिकॉक्शन पद्धत. बोहेमियातील प्लझेन येथे १८४२ मध्ये जन्मलेली पिल्सनर बिअर आजही तिथे तिहेरी डिकॉक्शनने, म्हणजे हीच क्रिया तीनदा करून, तयार होते.

उकळण्यासाठी मुद्दाम घट्ट, दाणेदार भाग घेतात, कारण साखर करणारी विकरे बहुतांशी पातळ द्रवात असतात आणि उकळीत ती नष्ट होतात. पण टरफलेही याच घट्ट भागात असतात आणि टरफलांत टॅनिन असते. त्यामुळे फार उकळलेल्या चहासारखी बिअरही तुरट होईल, अशी शंका अनेकांना येते. ती अर्धीच खरी आहे. ७७ अंशांपुढे जाऊ नये हा इशारा मुख्यतः मॅश धुण्याच्या, म्हणजे दाण्यांवर गरम पाणी ओतून उरलेली साखर काढून घेण्याच्या वेळचा आहे. तेव्हा साखरेबरोबर आम्लताही वाहून जाते, पीएच ६ कडे सरकतो आणि टॅनिन मोकळे होते. डिकॉक्शनच्या घट्ट भागाचा पीएच ५.२ ते ५.६ दरम्यान राखला, तर टॅनिन बेतानेच सुटते आणि त्यातले काही पुढे प्रथिनांशी बांधले जाऊन गाळात बसते.

मराठवाड्यात म्हणूनच आचेपेक्षा पाण्याकडे आधी पाहावे. बेसाल्ट खडकातून येणाऱ्या इथल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट पुष्कळदा जास्त असते आणि फिकट माल्टची आम्लता त्यापुढे टिकत नाही. पाणी आधी उकळून, निवळू देऊन वरचेच घेतले, किंवा त्यात मोजून थोडे लॅक्टिक आम्ल घातले, तर बरेचसे काम होते. (परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे महाराष्ट्रात बेकायदेशीर आहे, हेही ध्यानात असावे.)

ज्वारी वापरायची झाल्यास उकळणे जवळजवळ अटळच ठरते, कारण तिचा स्टार्च बार्लीपेक्षा अधिक तापमानाला फुलतो; मात्र आपल्या पांढऱ्या रब्बी ज्वारीत टॅनिन नगण्य असते, ते काही तांबड्या-तपकिरी वाणांत आढळते. धुताना निघणाऱ्या द्रवाची सापेक्ष घनता १.०१० च्या खाली जाऊ लागली, की धुणे तिथेच थांबवावे, मग डिकॉक्शन केलेले असो वा नसो.