दाह सर्वांगाचा की नळीचा? नर उंदरांवरचे दोन प्रयोग, ज्यांची गल्लत होते

‘तीव्र दाहामुळे नर उंदरांची प्रजननक्षमता घटली’ असं वाचलं की मी आधी विचारतो, दाह कुठला? या एका नावाखाली दोन अगदी वेगळे प्रयोग येतात. (इथे ‘तीव्र’ म्हणजे जोरदार नव्हे, तर अचानक सुरू होऊन थोडा काळ टिकणारा.)

पहिल्यात जिवंत जंतू नसतातच. ई. कोलायसारख्या जंतूंच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, उंदराच्या पोटात टोचतात. पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) ते ओळखतो आणि संसर्ग झाल्यासारखं सगळं शरीर कामाला लागतं. सी३एच/एचईजे वंशाचे उंदीर एलपीएसला दाद देत नाहीत. त्यांच्यात हाच ग्राहक बिघडलेला असतो, हे १९९८ साली कळलं आणि एक जुनं कोडं सुटलं.

वृषणाला कुणी हात लावलेला नसतो, तरी काही तासांत टेस्टोस्टेरॉन उतरतं. मार दुहेरी असतो: पिट्युटरी ग्रंथीकडून येणारं, वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं एलएच हे संप्रेरक कमी होतं, आणि वृषणातल्या लायडिग पेशींत (कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन इथेच बनतं) कोलेस्टेरॉलला मायटोकॉन्ड्रियाच्या आत नेणारं ‘स्टार’ प्रथिनही घटतं. याचं खापर अनेकजण तापावर फोडतात. पण मोठा डोस दिलेल्या छोट्या (माऊस जातीच्या) उंदरांचं अंग बहुधा तापत नाही, उलट थंड पडतं.

आता याच दिवशी शुक्राणू मोजले तर संख्या जवळपास ठीक दिसेल. ते आधीच तयार होऊन अधिवृषणाच्या (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व करून साठवणाऱ्या नळीच्या) शेपटीकडच्या भागात साठलेले असतात. छोट्या उंदरात एक शुक्राणू घडायला सुमारे ३५ दिवस लागतात, शिवाय अधिवृषणातला प्रवास. आज घडत्या पेशींना झालेली इजा मोजणीत उतरायला कित्येक आठवडे जातात. शुक्राणू घडवणाऱ्या मूळ पेशी शाबूत असतील तर पुढे उत्पादन सावरतंही. म्हणून मोजणी कितव्या दिवशी केली हे न सांगणारा निष्कर्ष मला अर्धवट वाटतो.

दुसरा प्रयोग अधिवृषणदाहाचा. मूत्रमार्गात रोग करणारे जिवंत ई. कोलाय शुक्रवाहिनीतून अधिवृषणाकडे सोडतात आणि वाहिनी बांधून टाकतात. वृषणात घडत्या शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींची घट्ट भिंत असते, तिथले मॅक्रोफेजही (जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी) बरेच सबुरीने वागतात, कारण शुक्राणूंना परकं समजून चालणार नसतं. अधिवृषणाच्या डोक्याकडच्या भागातही अशीच सबुरी दिसते. शेपटीकडे मात्र प्रतिकार आक्रमक होतो, आणि नुकसान बरंचसं या प्रतिकारामुळेच होतं.

अधिवृषण ही एकच, वेटोळी घातलेली नळी आहे. छोट्या उंदरात तिची लांबी सुमारे १ मीटर, रॅटमध्ये सुमारे ३, माणसात सुमारे ६ मीटर. एका जागी तंतुमय व्रण होऊन ती बुजली की मागचे सगळे शुक्राणू अडकतात. प्रतिजैविकांनी जंतू मेले तरी झालेला व्रण तसाच उरतो. वृषण शुक्राणू बनवत असू शकतं आणि तरीही बाहेर काहीच येत नाही.

म्हणजे पहिल्या प्रयोगात कारखाना काही काळ मंदावतो, दुसऱ्यात रस्ता बंद होतो. मोजणीत दोन्हीकडे ‘शुक्राणू कमी’ एवढंच दिसेल. फरक पाहायला टेस्टोस्टेरॉन मोजावं लागतं, आणि वृषण व अधिवृषण दोन्हींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

मादीसोबत ठेवून पिल्लं मोजणं ही खात्रीची कसोटी वाटते, पण तीही चकवते. उंदीर-रॅट गरजेपेक्षा कितीतरी जास्त शुक्राणू बनवतात, त्यामुळे संख्या बरीच घटली तरी पिल्लं नेहमीइतकी होऊ शकतात. संसर्ग एकाच बाजूला केला असेल तर दुसरी बाजू काम निभावते. वाहिनी बांधल्यानेही अधिवृषणावर ताण येतो. म्हणून जंतूंऐवजी नुसतं सलाइन सोडून तशीच गाठ मारलेले उंदीर तुलनेला नसतील, तर दिसलेलं नुकसान जंतूंचं की गाठीचं हे ठरवताच येत नाही.