टनामागे किती ग्रॅम? सोनखाणीतल्या ‘ग्रेड’ची भानगड

ग्रेड म्हणजे एक टन दगडामागे किती ग्रॅम सोनं. छोट्या सोनखाणीबद्दल कुणी म्हणालं की "आमचा ग्रेड ८ ग्रॅम आहे", तर आधी विचारायचं, कुठला ८? शिरेतून, म्हणजे खडकातल्या सोनं असलेल्या पट्ट्यातून, छिन्नीने काढलेल्या नमुन्याचा, मिलमध्ये भरडायला गेलेल्या दगडाचा, की शेवटी हातात आलेल्या सोन्याला टनांनी भागून आलेला? तिन्हीला ग्रेडच म्हणतात आणि तिन्ही आकडे कधीच जुळत नाहीत, आणि हे आजचं नाही.

रायचूरकडच्या हट्टीला दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या खोल खणत्या सापडल्यात. त्या लोकांची परीक्षा सोपी असणार, दगड फोडायचा, धुवायचा, पिवळं दिसलं तर पुढे खणायचं. आकड्यांचा खेळ सुरू झाला तो कंपन्या आल्यावर.

त्यातला सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा वायनाडचा, म्हणजे देवाला-पंदलूरचा भाग, जो आता निलगिरी जिल्ह्यात येतो. १८७४ ला तिथे पहिली कंपनी निघाली, ती काही फार चालली नाही, मग १८७९ मध्ये सरकारने ऑस्ट्रेलियातल्या खाणखात्याचा अनुभव असलेला एक तज्ज्ञ आणला, त्याचा रिपोर्ट आशादायक आला आणि लंडनमध्ये शेअर्सची अशी काही लाट आली की डझनावारी कंपन्या उभ्या राहिल्या. तिकडे कॉफीवर रोग पडलेला, मळेवाले जमिनी चढ्या भावाने कंपन्यांना विकून मोकळे झाले. यंत्रं डोंगरावर चढली, बंगले झाले, आणि प्रत्यक्ष दगड भरडल्यावर टनामागे जेमतेम काही पेनीवेट! थोड्याच वर्षांत बहुतेक सगळं बंद. सोनं नव्हतं असं नाही, पण निवडक दगडाच्या नमुन्यावरून अख्ख्या शिरेचा हिशोब मांडला होता. माझ्या मते दोष एकट्या तज्ज्ञाचा नाही, लोकांना तोच आकडा ऐकायचा होता.

आता हे पेनीवेट. एक पेनीवेट म्हणजे १.५५५ ग्रॅम, औंसाचा विसावा भाग. पण ‘टनामागे ७ पेनीवेट’ म्हणजे किती? तो टन इंग्लिश लाँग टन (१०१६ किलो) धरला तर आजच्या हजार किलोच्या टनाला १०.७ ग्रॅम आणि अमेरिकन शॉर्ट टन (९०७ किलो) धरला तर १२. जुन्या रिपोर्टात नुसतं टन लिहिलेलं असतं. एवढ्या फरकावर छोटी खाण फायद्यातून तोट्यात जाते, आणि आजही जुन्या आकड्यांवरून नव्याने खाण काढायची स्वप्नं बघणारे हा घोळ करतात.

टन कुठला हे ठरलं तरी तो कशाचा हा प्रश्न राहतोच. शीर ३० सेंटीमीटरची, ग्रेड २० ग्रॅम, मस्त. पण ३० सेंटीमीटरच्या फटीत माणूस शिरत नाही, १२० सेंटीमीटर रुंद तोडावं लागतं, उरलेला ९० फुकटचा दगड, की ग्रेड आला ५ वर. शीर तीच आहे. मग रोज ५० टन दगड भरडला आणि ८५ टक्के सोनं हाती लागलं तर दिवसाला २१२ ग्रॅम, २० ग्रॅमवाल्या कागदावर मात्र ८५० दिसतात.

आणि नमुना? ‘फायर असे’ या वितळवून सोनं मोजायच्या चाचणीला साधारण ३० ग्रॅम दगडाची पावडर घेतात, शिशाबरोबर वितळवतात, शिसं मुशीत शोषलं की तळाला एक बारीक मणी उरतो, तो वजन करायचा. त्या ३० ग्रॅममध्ये अर्ध्या मिलिमीटरचा एकच कण आला तरी रिझल्ट टनाला ४० ग्रॅमच्या वर जातो, नाही आला तर जवळजवळ शून्य. मोठ्या खाणीत हजारो नमुन्यांत हे बुडून जातं, छोटीत दहा-वीस नमुने आणि त्यातला एक असा निघाला की सरासरीचं वाटोळं. तो चढा आकडा कापायचा की ठेवायचा यावर दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या आसपास गणिती पद्धती निघाल्या, वाद अजून आहेच.

१९९७ ला बोर्निओतल्या एका प्रकल्पात तर नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं उघड झालं, त्यानंतर कॅनडाने २००१ पासून आकड्याखाली जबाबदार माणसाची सही सक्तीची केली. आपल्याकडे खनिज किती आणि कसलं याचा पुरावा कसा द्यायचा याचे नियम २०१५ ला आले.

कर्नाटकातलं कोलारचं सोनखाणक्षेत्र २००१ ला बंद झालं तेव्हा कारण सांगितलं गेलं ग्रेड पडला. पडला होताच, सुरुवातीच्या काळातली ती श्रीमंत शीर कुठे आणि तीन किलोमीटर खालचा शेवट कुठे. पण राष्ट्रीयीकरणानंतर बरीच वर्षं तिथलं सोनं सरकारला आंतरराष्ट्रीय ठरीव दराने द्यावं लागायचं, बाजारभावापेक्षा कितीतरी कमी. आता उत्पादकता कशी मोजणार? ग्रॅममध्ये मोजली तर एक उत्तर, रुपयात मोजली तर दुसरं, आणि बंद करणाऱ्यांनी रुपयातलंच धरलं.

तिथे मागे राहिलेत सायनाइडने सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या मातीचे ढिगारे, तीन कोटी टनांहून जास्त, टनाला एक ग्रॅमपेक्षा कमी. ते पुन्हा धुवायचं म्हणतात. फक्त ढिगाऱ्याचा खालचा थर जुन्या काळातला, जेव्हा सोनं काढायची पद्धत कच्ची होती, वरचा नंतरचा, त्यामुळे नमुना माथ्यावरून घेतला की पायथ्याशी, यावरच तो ग्रेड ठरणार.