सुब्हुंतिबो (स्पॅनिश व्याकरण)

सुब्हुंतिबो, म्हणजेच सबजंक्टिव्ह, हा स्पॅनिश क्रियापदाचा एक अर्थ (इंग्रजीत 'मूड') आहे. मराठीत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ आहेत, त्याच जातीचा. एखादी गोष्ट 'अशी आहे' असे विधान करायचे नसते, तेव्हा बहुधा पोटवाक्यात हे रूप येते. व्याकरणकार आंतोनिओ दे नेब्रिहाच्या १४९२ मधील कास्तिलियन (म्हणजेच स्पॅनिश) व्याकरणातही या अर्थाचे नाव आहे.

वर्तमानकाळी रूपासाठी 'मी'चे रूप घ्यावे, शेवटचा 'ओ' काढावा आणि स्वर उलटवावा : मूळ क्रियापद 'आर'ने संपत असेल त्या गटाला 'ए', 'एर' व 'इर'ने संपणाऱ्या गटांना 'आ'. आब्लो (मी बोलतो) याचे आब्ले, कोमो (मी खातो) याचे कोमा. सुरुवात 'मी'पासून केल्याने अनियमितपणाही आपोआप सोबत येतो : तेंगो (माझ्याकडे आहे) याचे तेंगा, कोनोस्को (मी ओळखतो) याचे कोनोस्का. सेआ व एस्ते (दोन्ही 'असणे'ची), बाया (जाणे), सेपा (माहीत असणे), आया (सहायक 'असणे') आणि दे (देणे) ही सहा रूपे मात्र पाठच करावी लागतात. भूतकाळासाठी आब्लारोन (ते बोलले) यातील 'रोन'च्या जागी 'रा' किंवा 'से' लावतात. बोलण्यात 'रा' अधिक ऐकू येतो.

रूपे महिन्याभरात बसतात, वापराला वर्षे लागतात. इच्छेच्या वाक्यांत मराठी माणसाला घरचीच वाट सापडते. 'किएरो बेनिर' म्हणजे मला यायचे आहे. 'किएरो के बेंगा' म्हणजे त्याने यावे अशी माझी इच्छा आहे. कर्ता बदलला की दोन्ही भाषा रूप बदलतात. 'बुस्को उना कासा के तेंगा पातिओ' (मी अंगण असलेले घर शोधतो आहे) यातले अंगणाचे घर अजून सापडायचे आहे. तेंगाऐवजी तिएने म्हटले, तर एक ठरावीक घर मनात आहे. मराठीत 'अंगण असलेले घर' दोन्हीकडे चालते.

खरी अडचण 'मे आलेग्रा के एस्तेस आकी' अशा वाक्यांत येते : तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. समोरचा माणूस खरोखर आलेला आहे, शंका कसलीच नाही, तरीही सुब्हुंतिबोच. म्हणून 'शंका असेल तर सुब्हुंतिबो' हा सर्रास शिकवला जाणारा नियम अपुरा आहे. इथे आनंद सांगायचा आहे. येण्याची बातमी द्यायची नाही, ती दोघांना ठाऊकच आहे.

याचे भविष्यकाळी रूप (आब्लारे) आता कायद्याच्या मजकुरात आणि काही म्हणींत उरले आहे. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये ते रोजच्या बोलण्यात आहे.