फायरी क्लिअरविंग

खवलेपंखी गणातील सेसिइडी कुलाचा छोटा पतंग. शास्त्रीय नाव पायरोप्टेरॉन क्रिसिडिफॉर्मे. पंखविस्तार सु. १५ ते २३ मिमी. पुढच्या पंखांवर दाट केशरी-तांबडे खवले असतात, मागचे पंख बव्हंशी पारदर्शक. या कुलातील इतर पतंगांप्रमाणे हाही दिवसा उडतो आणि चटकन गांधीलमाशीसारखा भासतो.

जातीचे पहिले वर्णन जर्मन निसर्गअभ्यासक एस्पर यांनी १७८२ मध्ये केले. तेव्हा ती स्फिंक्स या फार व्यापक प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) गणली गेली. पुढे तिचे स्थान वारंवार बदलले. ब्रिटिश ग्रंथांत ती बराच काळ बेम्बेशिया प्रजातीत दिसते. मात्र बेम्बेशियाच्या अळ्या मुख्यतः शिंबावंत (शेंगा धरणाऱ्या) वनस्पतींच्या मुळांत राहतात, तर या जातीची अळी चुक्याच्या रुमेक्स प्रजातीतील वनस्पतींवर जगते. त्यामुळे इंग्लिश कीटकशास्त्रज्ञ न्यूमन यांनी १८३२ मध्ये स्थापलेली पायरोप्टेरॉन प्रजाती अधिक सयुक्तिक वाटते व अलीकडील याद्यांत तीच आढळते. १९७३ मध्ये स्थापलेली सिनान्सफेसिया प्रजाती पायरोप्टेरॉनमध्ये विलीन करावी, तिची उपप्रजाती (सबजीनस) मानावी की स्वतंत्र ठेवावी, याबाबत मतभेद आहेत. तिच्यातील ट्रायअ‍ॅन्युलिफॉर्मे या जातीची अळीही रुमेक्सच्या मुळांतच राहत असल्याने विलीनीकरणाच्या मताला बळ मिळते; केवळ अन्नवनस्पतीवरून निर्णय करणे मात्र धोक्याचे.

पतंग जून-जुलैमध्ये उडतात. अंड्यातून बाहेर पडलेली अळी मुळात शिरून ते आतून पोखरते, तिथेच हिवाळा काढते आणि वसंतात कोष करते. रुमेक्स क्रिस्पस ही तिची प्रमुख अन्नवनस्पती होय.

पश्चिम व दक्षिण युरोपात हा पतंग आढळतो. ब्रिटनमध्ये तो अत्यंत दुर्मिळ असून आग्नेय इंग्लंडमधील केंटच्या किनाऱ्यावर, मुख्यतः फोकस्टन-डोव्हर परिसरात, उरला आहे. तेथे त्याला १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्याचे संरक्षण आहे. अन्नवनस्पती सर्वत्र उगवणारे तण असूनही पतंग इतका मर्यादित राहिला, हे लक्षणीय आहे. उबदार, उघडे, दक्षिणाभिमुख उतार त्याला मानवतात. त्यांवर झुडपे माजली की ते निरुपयोगी होतात.

याच प्रजातीतील डोरिलिफॉर्मे ही जाती १९८९ पासून ऑस्ट्रेलियात रुमेक्स तणाच्या जैविक नियंत्रणासाठी सोडण्यात आली. अंडी चिकटवलेल्या लाकडी काड्या छाटलेल्या खोडांत खोचण्याची पद्धत तेथे वापरली गेली.