वंशभेदाविरुद्धचा लढा आणि चर्चचे स्वयंपाकघर

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात कृष्णवर्णीयांचे स्वतःचे चर्च उभे राहण्याआधी त्यांची परस्परसाहाय्य संस्था उभी राहिली होती. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी एप्रिल १७८७ मध्ये तिथे ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली; सभासद दरमहा एक शिलिंग भरत आणि त्या वर्गणीतून आजाऱ्यांना, विधवांना व पोरक्या मुलांना आधार मिळे. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली, तेव्हा कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही अशा चुकीच्या समजापोटी डॉ. बेंजामिन रश यांनी त्यांना शुश्रूषेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. संस्थेच्या लोकांनी रुग्णांची सेवा केली, प्रेते पुरली आणि त्यांच्यापैकीही अनेक जण दगावले. त्यानंतर प्रकाशक मॅथ्यू केरी यांनी याच शुश्रूषा करणाऱ्यांवर लुबाडणुकीचा ठपका ठेवला, म्हणून ॲलन आणि जोन्स यांना १७९४ मध्ये जमाखर्चासह छापील उत्तर द्यावे लागले. सेवेचाही हिशेब मागितला जावा, यातच त्या काळचा वंशभेद स्पष्ट दिसतो. त्याच वर्षी ॲलन यांचे कृष्णवर्णीयांसाठीचे बेथेल चर्च सुरू झाले.

हीच परंपरा अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरीच्या बसबहिष्कारात पुन्हा दिसते; बसमधल्या वंशभेदाविरुद्ध तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसने जाणेच बंद केले होते. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस चाललेल्या त्या लढ्याच्या आठवणी बहुधा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांपाशी थांबतात. पण हजारो माणसांना रोज कामावर पोहोचवायचे, तर पेट्रोलला आणि चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगन गाड्यांना पैसा लागत होता. त्याचा काही भाग जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या सोबतिणींनी घरी केलेले केक, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) व चिकन सँडविच विकून उभा केला आणि चर्चमधल्या सभांत जमा केला. यांतील बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी राबत. नाव फुटले तर काम जाईल, या भीतीने गटाचे नावच ‘द क्लब फ्रॉम नोव्हेअर’ ठेवले गेले. ही भीती अनाठायी नव्हती, कारण बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर खुद्द गिल्मोर यांची स्वयंपाकिणीची नोकरी गेली होती.

जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. पक्ष सशस्त्र म्हणून ओळखला जात असला, तरी त्याच वर्षी मे महिन्यात एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे संचालक जे. एडगर हूवर यांनी आपल्या कार्यालयांना लिहिले, की पक्षाला मोडून काढण्याच्या प्रयत्नांना सर्वांत मोठा संभाव्य धोका या न्याहारीचा आहे.